कॅमेऱ्यातच कृष्णधवल, की रंग नंतर काढायचे?

मोनोक्रोम (कृष्णधवल) मोडवर जेपेग (कॅमेऱ्यातच तयार होणारी फोटोची फाइल) काढलं की रंगांची माहिती कायमची जाते. पण नवशिक्याला या मोडचा मोठा फायदा आहे: स्क्रीनवर रंग दिसतच नाहीत, त्यामुळे नजर आपोआप उजेड-सावलीकडे वळते. खिडकीशी बसलेल्या कुत्र्याच्या नाकावरची ओलसर चमक आधी दिसते, पट्ट्याचा लाल रंग नाही.

रॉमध्ये (सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) रंगीत काढून नंतर रूपांतर करण्याची खरी ताकद कळते ती हिरवळीवरच्या तांबूस मांजरामुळे. रंगात ते उठून दिसतं, कृष्णधवलात मात्र केस आणि गवत जवळपास एकाच करड्या छटेचे होतात. एडिटिंगमध्ये नारिंगी उजळ केला, हिरवा गडद केला, की मांजर गवतातून अलगद सुटतं. मोनोक्रोम जेपेगमध्ये ही सोय उरत नाही.

एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मात्र दोन्हीकडे सांभाळावंच लागतं. फ्रेमभर काळं कुत्रं असेल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला करडं करतो. तिथे -1 एक्सपोजर भरपाई द्या, म्हणजे फोटो एक पायरी गडद करा; पांढऱ्याला +1, म्हणजे एक पायरी उजळ.

मी तर रॉच निवडेन, आणि पिक्चर स्टाइल (फोटोच्या रंगरूपाची कॅमेऱ्यातली सेटिंग) मोनोक्रोम ठेवेन. स्क्रीनवर कृष्णधवल दिसतं, फाइलमध्ये रंग शाबूत राहतात.