वाढीव तुकडी की आहे तेवढीच प्रवेशक्षमता?

मुंबई विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या यापुढेही वाढत राहावी का, हा प्रश्न अधिसभेच्या किंवा विद्या परिषदेच्या पातळीवरचा आहे, असे सहसा मानले जाते. प्रत्यक्षात तो दरवर्षी महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत वाढीव तुकडीच्या प्रस्तावाच्या रूपाने येतो. आठशेहून अधिक संलग्न महाविद्यालयांपैकी काहींनी एकेक तुकडी मागितली आणि ती बृहत् आराखड्यात, म्हणजे नवी महाविद्यालये आणि तुकड्या कुठे द्यायच्या हे ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या आराखड्यात बसली, की विद्यापीठ आपोआप मोठे होते. आमच्या उपनगरातील महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या वाढीव तुकडीचा असा प्रस्ताव आला, तेव्हा मी त्या समितीवर शिक्षक प्रतिनिधी होतो आणि प्रवेशक्षमता आहे तेवढीच ठेवावी, असे मत मी दिले. येत्या वर्षी ज्यांना हाच निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी दोन्ही पर्याय येथे मांडतो. माझा कल कुठे आहे हे लपणार नाही, परंतु विरुद्ध बाजू दुबळी आहे असे मला तेव्हाही वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही.

वाढीच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा प्रवेशाच्या खिडकीशी दिसतो. तिसरी गुणवत्ता यादी लागल्यानंतर प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये गुणपत्रिका आणि जातीचा दाखला घेऊन उभ्या असलेल्या पालकांना ‘जागा नाही’ असे सांगण्याचे काम मी केलेले आहे. त्यांतील बऱ्याच घरांत पदवीपर्यंत पोहोचणारे हे पहिलेच मूल असते. मुलगी असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण नालासोपाऱ्याची किंवा दिव्याची मुलगी पहाटेच्या गर्दीच्या लोकलने दूर पाठवायला घरचे तयार नसतात आणि जवळच्या महाविद्यालयात जागा मिळाली नाही, तर तिचे शिक्षण बहिःस्थ अर्जावर किंवा लग्नावर जाऊन थांबते. खासगी विद्यापीठांचे शुल्क या घरांना झेपणारे नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण (१८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी विद्यार्थिसंख्येचे प्रमाण) ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ते २८.४ टक्के होते. महाराष्ट्र सरासरीच्या पुढे असला, तरी हे अंतर राज्य विद्यापीठांवाचून भरून निघणार नाही, हे वाढीच्या समर्थकांचे म्हणणे मला मान्य आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे आणि तो बैठकीत मोकळेपणाने बोलला जात नाही. विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदानाविना केवळ शुल्कावर चालणाऱ्या तुकडीच्या पैशावर ग्रंथालयातील संगणक, स्वच्छतागृहांची दुरुस्ती आणि कधीकधी अनुदानित विभागाचाही किरकोळ खर्च चालतो. प्राचार्यांनी हा हिशेब समितीपुढे ठेवला, तर त्यांना दोष देता येणार नाही. वेतनेतर अनुदानावर, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठी सरकारकडून मिळणाऱ्या पैशावर आजचे महाविद्यालय चालवणे किती कठीण आहे, हे जवळून पाहिलेल्या माणसाला त्यात हाव दिसत नाही.

संख्या आहे तेवढीच ठेवण्याच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण इमारतीपासून सुरुवात करतात. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. मुंबईत जागा नाही हे खरे आहे, पण सकाळी सातचे सत्र आणि दुपारचे सत्र अशी विभागणी करून या शहराने एकाच इमारतीत दोन-दोन महाविद्यालये चालवून दाखवली आहेत. बाके पुन्हा वापरता येतात, प्रयोगशाळाही वापरता येतात. विद्यार्थ्याने लिहिलेले वाचण्यासाठी लागणारा वेळ मात्र दुसऱ्या सत्रात पुन्हा वापरता येत नाही, आणि माझे मत ज्यावर ठरले ती गोष्ट हीच.

एका मोठ्या महाविद्यालयात मी तृतीय वर्षाच्या प्रकल्पांचा बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो. तिथे काही वर्षांत तुकड्या झपाट्याने वाढलेल्या होत्या. टेबलावर काळ्या कापडी बांधणीच्या आणि सोनेरी अक्षरांच्या प्रकल्पांचा ढीग होता, ज्यांना मुले ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. एका विद्यार्थिनीने मासळी बाजारातील विक्रेत्या महिलांच्या कर्जव्यवहारावर काम केले होते. ती खरोखर बाजारात गेली होती. सकाळी उचललेले पैसे रात्री फेडताना किती कापले जातात, कोणती बाई सावकाराकडे जाते आणि कोणती भिशीतून भागवते, हे ती न अडखळता सांगत होती. पण तिच्या एका कोष्टकातील टक्केवारीची बेरीज ११२ होत होती. एकाच प्रश्नाला दोन उत्तरे देणाऱ्या महिलांना तिने दोनदा मोजले होते. ही चूक पहिल्या वाचनात कोणाच्याही लक्षात आली असती. मी ते पान तिच्यापुढे धरले, तेव्हा ती म्हणाली, “सर, हे पान आजपर्यंत कोणी उघडलंच नाही.” तिचे मार्गदर्शक तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर नेमलेले होते आणि दिवाळीनंतर दुसरीकडे काम मिळाल्याने सोडून गेले होते. त्यांच्याकडचे साठ विद्यार्थी ज्यांच्याकडे सोपवले गेले, त्यांच्याजवळ स्वतःचे साठ आधीच होते. त्याच ढिगात दोन पुस्तके अशी होती की त्यांचा ऋणनिर्देश शब्दशः एकच होता आणि त्या दोघांचे अंतर्गत गुण या मुलीच्या गुणांइतकेच होते.

मला त्या दिवशी चीड आली ती त्या मार्गदर्शकांची नव्हे. तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या आणि पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ठाऊक नसलेल्या तरुण प्राध्यापकाकडून साठ प्रकल्पांचे वाचन अपेक्षिणेच चुकीचे आहे. कष्टाने केलेले काम आणि उतरवून काढलेले काम एकाच मापाने मोजले गेले आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नाही, याची ती चीड होती. गर्दीचा पहिला फटका हुशार आणि आळशी यांच्यातील फरक ओळखण्याच्या क्षमतेला बसतो, असे माझे निरीक्षण आहे.

यामागचा हिशेब साधा आहे. वाणिज्य शाखेची एक तुकडी १२० विद्यार्थ्यांची धरली आणि एक उत्तरपत्रिका मन लावून तपासायला माझ्या अनुभवाप्रमाणे दहा मिनिटे लागतात असे मानले, तर एका विषयाच्या एका परीक्षेचे वीस तास होतात. तुकड्या दोन झाल्या आणि शिक्षक तेवढाच राहिला, तर चाळीस तास होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा चाळीस तासांचा आणि त्यांतील सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन सोळा तासांचे असते. म्हणजे केवळ एका विषयाच्या तपासणीत अख्खा आठवडा जातो. हे तास वाढवता येत नसल्याने दहा मिनिटांची सहा होतात, सहाची तीन होतात आणि उत्तराची लांबी पाहून गुण देण्याची सवय नकळत लागते.

मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण परीक्षा घेणे हे त्याचे सर्वांत जुने काम आहे. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते स्थापन झाले, तेव्हा शिकवणे महाविद्यालयांकडे होते आणि विद्यापीठ परीक्षा घेऊन पदव्या देत असे. विद्यापीठाने स्वतः अध्यापन करण्याला वाट मिळाली ती १९०४ च्या कायद्यानंतर. २०१७ साली सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम लागू झाली, निकाल अनेक महिने लांबले आणि अखेर राज्यपालांनी कुलगुरूंना पदमुक्त केले. त्या वेळी चर्चा मुख्यतः तंत्रज्ञानावर झाली. तयारीत घाई झाली होती, यात शंका नाही. तरीही लाखो उत्तरपत्रिका ठरावीक दिवसांत वाचू शकणारे पुरेसे शिक्षक आहेत का, हा प्रश्न कोणतीही प्रणाली आणली तरी शिल्लक राहतो, असे मला नम्रपणे वाटते.

विभाजन हा तिसरा पर्याय अनेकदा सुचवला जातो. त्याला परंपराही आहे. १९४९ मध्ये पुणे, गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठे सुरू झाली आणि मुंबईचा पसारा कमी झाला. अलीकडे २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ आणि २०२० मध्ये एचएसएनसी विद्यापीठ या समूह विद्यापीठांकडे (काही महाविद्यालये एकत्र करून बनवलेल्या विद्यापीठांकडे) दक्षिण मुंबईतील काही जुनी महाविद्यालये गेली. परीक्षा विभागाचा भार यामुळे हलका होतो. शिक्षकाच्या टेबलावरचा गठ्ठा मात्र त्याच उंचीचा राहतो, कारण विद्यापीठाचे नाव बदलले तरी तुकडी आणि पदे तीच असतात. म्हणून समितीतील सदस्याला या पर्यायाचा फारसा उपयोग नाही.

एक अपवाद मला मोकळ्या मनाने नोंदवावासा वाटतो. विद्यापीठाचे क्षेत्र कुलाब्यापासून दोडामार्गपर्यंत सात जिल्ह्यांचे आहे आणि मुंबई उपनगराचा निकष मोखाडा-जव्हारला लावणे अन्यायाचे होईल. जिथे पुढचे महाविद्यालय एसटीने दोन तासांवर आहे, तिथे अर्धवट वाचला गेलेला प्रकल्पसुद्धा प्रवेशच न मिळण्यापेक्षा बरा. तिथल्या समितीवर मी असतो, तर हात वाढीच्या बाजूने वर केला असता. मुंबईत मात्र काही पारंपरिक अभ्यासक्रमांच्या जागा रिकाम्या राहत असताना मागणी असलेल्या मोजक्या अभ्यासक्रमांच्या तुकड्या वाढवत नेणे, याला गरजू विद्यार्थ्याची सोय म्हणणे मला जड जाते.

प्रस्ताव समोर आल्यावर प्राचार्यांना एक तक्ता मागावा, असे मी सुचवीन: नव्या तुकडीचा प्रत्येक विषय कोण शिकवणार, त्यांतील किती जण पूर्णवेळ आहेत आणि तृतीय वर्षाला एका मार्गदर्शकाकडे किती प्रकल्प येणार. पदे मंजूर असतील, किंवा संस्था पूर्ण वर्षाच्या वेतनावर माणसे नेमण्याचे लेखी देत असेल, तर माझा विरोध उरत नाही. आमच्याकडे त्या तक्त्यात बहुतेक नावांच्या जागी ‘तासिका तत्त्वावर’ एवढेच लिहिलेले होते. प्रस्ताव थोड्या मतांनी नामंजूर झाला. त्याची किंमतही मोजावी लागली: वाचनालयाचे रखडलेले काम आणखी पुढे ढकलले गेले आणि त्या जूनमध्ये खिडकीशी ‘जागा नाही’ असे ऐकणाऱ्या पालकांची रांग कमी झाली नाही. प्रकल्पांचा कच्चा मसुदा दिवाळीपूर्वी वाचून शेऱ्यांसह परत देण्याचा नियम मात्र आमच्या विभागाला पाळता येतो आहे, कारण एका शिक्षकाकडे येणारे मसुदे अजून वाचून होतील एवढेच आहेत.