फेस व्हॅल्यूला कोल्डप्लेचं तिकीट देणारा 'सच्चा फॅन' आणि माझं आधार कार्ड

फसवणारा माणूस जास्त पैसे मागतो असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. मला ज्याने टोपी घातली त्याने छापील किमतीवर एक रुपया जास्त मागितला नाही. आणि त्याने नेलेले पैसे हा यातला छोटा भाग आहे, मोठा भाग माझ्या आधार कार्डाचा आहे, त्यामुळे लांबलं तरी वाचा, नवीन कॉन्सर्टच्या तारखा पडल्या की हे लोक परत उगवतात.

आधी थोडं बॅकग्राउंड. कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासून ऐकते, रूममेटच्या एमपी३च्या सीडीवर त्यांची गाणी होती तेव्हापासून. २०१६ ला ते मुंबईत आले होते, १९ नोव्हेंबरला, बीकेसीच्या एमएमआरडीए ग्राउंडवर, पण तेव्हा नोटाबंदी होऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते आणि आमचं अख्खं घर आळीपाळीने एटीएमच्या लायनीत उभं होतं, कसली कॉन्सर्ट आणि कसलं काय. त्यामुळे जानेवारी २०२५ च्या तारखा आल्या, डी. वाय. पाटील स्टेडियम, नेरूळ, म्हणजे डोंबिवलीहून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल, तेव्हा मी घरात जाहीरच करून टाकलं की या वेळी काहीही झालं तरी जाणार.

२२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी १२ ला बुकिंग उघडलं. आमच्याकडे मी, नवरा, दादा, वहिनी सगळे आपापले फोन घेऊन बसलेलो, आणि ॲपने मला लायनीत जो नंबर दिला तो लाखांत होता. आधी १८ आणि १९ चे शो होते, गर्दी बघून त्याच दिवशी २१ चा तिसरा वाढवला, तोही गेला. नंतर बँडची ती स्वस्तातली, २,००० वाली 'इन्फिनिटी' तिकिटं आली नोव्हेंबरमध्ये, तीही हुकली. तिकडे २,५०० पासून ३५,००० पर्यंतची तिकिटं दुसऱ्या साइटवर लाखाच्या घरात दिसत होती, ऑक्टोबरमध्ये तर ईडीने या तिकिटांच्या काळ्या बाजारावरून पाच शहरांत छापे टाकले. म्हणजे आपल्याला काय शिकवलं गेलं, तर महाग विकणारा तो चोर. बरोबर? याच समजुतीवर या माणसाने दुकान थाटलं होतं.

एका फॅन ग्रुपवर त्याने लिहिलं होतं की बहिणीच्या नावावर १९ तारखेची दोन स्टँडिंग तिकिटं आहेत, बहिणीला अचानक ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामाला परदेशी, जावं लागतंय, फेस व्हॅल्यूलाच देणार, ब्लॅकवाल्यांनी मेसेज करू नये. ६,४५० ला एक, दोनाचे १२,९००. मी मेसेज केला तर त्याचा पहिला प्रश्न, "ताई, तुम्ही स्वतः जाणार ना, की पुढे विकणार?" मग मी कधीपासून ऐकते, आधी पाहिलंय का, सोबत कोण येणार, सगळी चौकशी. मराठी एकदम स्वच्छ, ताई-ताई करून बोलणं. मध्येच दोन दिवस गायब झाला आणि परत येऊन म्हणे, अजून एक जण विचारतोय पण मला तो एजंट वाटतोय, तुम्हालाच देईन. आता ज्या माणसाला आपण पास होतोय का याची काळजी लागलेली असते तो समोरच्याची परीक्षा कशाला घेईल! सगळा डाव तिथेच होता. माझी पडताळणी तो करत होता, आणि मी आपली मुलाखतीला आलेल्या पोरीसारखी उत्तरं देत होते.

मग म्हणाला आधार पाठवा, कारण लोक फेस व्हॅल्यूला घेऊन चौपटीने विकतात, मला बहिणीला तोंड दाखवायचंय. आणि मी विचारायच्या आत त्याने स्वतःहून बहिणीचं आधार पाठवलं, म्हणे तुम्हालाही खात्री पाहिजे ना. नाशिकचा पत्ता, चष्म्यातला फोटो, बाई माझ्याच वयाची. व्हिडिओ कॉलवर ॲपमधलं बुकिंग उघडून वरखाली करून दाखवलं, त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच. अर्धे पैसे टोकन, अर्धे पेपर मिळाल्यावर. यूपीआयला नाव तिसऱ्याच कुणाचं तरी आलं, कुठलीतरी ट्रेडर्स, त्यावर उत्तर तयार होतं की दाजींचं दुकान आहे. पेपर म्हणजे काय, तर बहिणीने सही केलेलं ऑथॉरिटी लेटर, की अमुक बुकिंगची तिकिटं माझ्या वतीने अमुक बाई घेतील, शोच्या दिवशी बॉक्स ऑफिसवर हे लेटर आणि दोन्ही आधारच्या झेरॉक्स दाखवा, झालं काम. बँकेत, सोसायटीत, गॅसच्या एजन्सीत आपण आयुष्यभर असली लेटरं देत आलोय, त्यामुळे ते इतकं खरं वाटतं की काही विचारू नका.

१९ ला रविवार होता. नेरूळ स्टेशनपासूनच गर्दी, गालावर तारे-बिरे काढलेली पोरं, टी-शर्टवाले. मी आणि नवरा काउंटरला लागलो, आत बसलेल्या पोराने बुकिंग नंबर टाकला आणि शांतपणे म्हणाला, मॅडम ही तिकिटं आधीच दिली गेलीत, आणि हा नंबर घेऊन आज तुम्ही पहिल्या नाही आलात. मी लेटर पुढे केलं. त्याने ते बघितलंसुद्धा नाही, बाजूला उभ्या लोकांकडे नुसतं बोट दाखवलं.

बाजूला एक वीस-बावीसची मुलगी आणि तिचे वडील उभे होते, कोल्हापूरहून आलेले, पायाशी बॅग. मुलीच्या हातातही तसंच प्लॅस्टिक फोल्डर. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, फोल्डरमध्ये बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि एकदम आवाज चढवला, "अगं हीच की ती! काय वो बाई, पोरीचे पैसे द्या आमचे!"

मला काही कळेना. माझ्या नवऱ्याला वाटलं त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय, तो मध्ये पडला, आजूबाजूचे मोबाइल वर झाले, कुणीतरी शूट करायला लागलं. मग त्या मुलीने फोल्डरमधून झेरॉक्स काढून माझ्यासमोर धरली. माझं आधार. माझा तो भयंकर फोटो, माझा डोंबिवलीचा पत्ता बिल्डिंगच्या नावासकट. आणि खाली लेटर, की मी, म्हणजे माझं पूर्ण नाव, माझी दोन तिकिटं या मुलीला देत आहे, आणि माझ्या नावाची सही, इतकी टापटीप की मी जन्मात तशी केली नसती.

म्हणजे नाशिकची बहीण ही बहीण नव्हतीच, ती माझ्याआधी फसलेली बाई. तिचं आधार मला दाखवून माझे पैसे घेतले, माझं आधार या मुलीला दाखवून तिचे. आणि मुलीचं आधार पुढे कुणाकडे गेलं असेल ते आलंच लक्षात. प्रत्येक गिऱ्हाईक पुढच्याची 'बहीण'. बुकिंग नंबर सगळ्यांना एकच, फक्त नाव बदलून इमेज एडिट केलेली, कॉलवर दाखवलेलं ॲप वगैरे पण तसलंच काहीतरी असणार. त्याला स्वतःची कुठलीच कागदपत्रं लागत नाहीत, आपलीच पुरतात.

मी माझा फोन उघडून तिला आमचं चॅट दाखवलं, तिने तिचं. डीपी तोच, "फॅनने फॅनला मदत नाही करायची तर कुणी करायची" हे वाक्य तेच, स्मायली पण तीच. काका मग गप्प झाले, थोड्या वेळाने म्हणाले, चुकलं वो ताई, पण फोटो तुमचाच होता की. त्यांचं तरी काय चुकलं? शूट करणाऱ्यांनी ते डिलीट केलं की नाही देव जाणे, नवरा एकेकाकडे जाऊन विनवत होता.

तिथूनच १९३० लावला, हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, सगळ्यांनी सेव्ह करून ठेवा. त्यांना यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र नंबर, बँक, रक्कम, वेळ लागते, ते यूपीआय ॲपच्या हिस्टरीत मिळतं. माझे पैसे जाऊन बरेच दिवस झालेले, खात्यात काही उरलं नव्हतं. काकांनी मात्र दुसरा हप्ता त्याच दिवशी सकाळी, गाडीतून, पाठवला होता, ती रक्कम पुढच्या खात्यात होल्ड झाली. ती परत मिळायला कोर्टाच्या ऑर्डरची वेगळी प्रोसेस त्यांना सांगितली गेली, पण निदान आहे तरी. बाकी डिटेल्स सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर भरल्या.

तोवर आत शो सुरू झाला होता आणि आवाज बाहेर रस्त्यावर स्वच्छ येत होता. मुलगी म्हणाली एवढं लांब आलोय तर ऐकून जाऊ, काकांनी सगळ्यांना वडापाव आणला, मी मात्र खरं सांगते एक गाणं धड ऐकलं नाही, डोक्यात सारखं तेच की अजून किती फोल्डरमध्ये माझा फोटो आहे. त्यांचा गायक क्रिस मार्टिन स्टेजवरून मराठीत बोलला हे मला दुसऱ्यांच्या रील्समधून कळलं. २६ जानेवारीचा अहमदाबादचा शो हॉटस्टारवर लाइव्ह होता, तो घरी टीव्हीवर बघितला. बरा वाटला. टीव्हीवर वाटतो तेवढाच.

आता आधारचं, कारण हे कुणीच सांगत नाही. पैसे गेल्याची तक्रार सगळे करतात, ओळखपत्र वापरल्याची वेगळी नोंद करत नाहीत. मी पोलिसांत लेखी अर्ज दिला की माझं आधार अमुक प्रकारे वापरलं जातंय, सोबत मुलीकडच्या खोट्या लेटरची कॉपी लावली आणि पोच घेतली. उद्या तिसऱ्या शहरातून कुणी माझ्या नावाने तक्रार केली तर माझ्याकडे आधीच्या तारखेचा कागद आहे. आयटी ॲक्टमध्ये ओळख चोरण्याला ६६सी आणि तोतयेगिरी करून फसवण्याला ६६डी आहे, अर्जात ही कलमं मी लिहिली. चारसोवीस मात्र आता म्हणायची सोय नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात फसवणूक ३१८ मध्ये गेलीये, पण ३१८ म्हणून शिवी देता येत नाही ना.

लोक म्हणतात मास्क्ड आधार द्यायचं. द्या, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात. पण काकांनी मला नंबरवरून नाही ओळखलं, फोटोवरून ओळखलं, आणि फोटो, नाव मास्क्ड मध्येही दिसतं. त्यामुळे कॉपी द्यावीच लागली तर फोटोवरून आडवं, कुणाला, कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिली ते पेनाने लिहा आणि मग स्कॅन करा. आणि तिकीट विकणाऱ्याला तुमचं आधार लागतंच कशाला, पैसे तर तुम्ही देताय! हॉस्टेलची रूम, सेकंडहँड बाइक, भाड्याचा फ्लॅट, सगळीकडे हाच प्रकार चालू शकतो, बहिणीच्या जागी मामा येईल.

अजून एक, मी हा किस्सा त्या ग्रुपवर टाकल्यावर मला 'रिकव्हरी एजंट' म्हणून मेसेज आले, पैसे परत आणून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा. हेही त्यातलेच.

नाशिकच्या त्या ताईंना आधारवरच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं, साधं पोस्टाने, त्यांचा फोन आला, त्यांनी तर लाजेने घरी सांगितलंच नव्हतं, आता त्यांचीही तक्रार आहे. म्हणजे साखळीतले आम्ही तिघं सापडलोय. नाशिकच्या आधीचं आणि कोल्हापूरच्या पुढचं कुणी हे वाचत असेल, १९ जानेवारीची दोन स्टँडिंग, बहीण ऑनसाइट, दाजींची ट्रेडर्स, हे ओळखीचं वाटत असेल, तर चॅट डिलीट करू नका, लेटर फाडू नका, १९३० वर तक्रार करून पोच नंबर मला मेसेज करा, तपास अधिकाऱ्यांनी सगळे नंबर एकत्र जोडून द्यायला सांगितलेत.