प्रिन्स्टन की स्टॅनफर्ड? घरची ऐपत बेताची असेल तर हे आधी बघा

मुलगी हुशार आहे, बारावीनंतर अमेरिकेत शिकायचं म्हणते आणि घरचं उत्पन्न वर्षाला १५ लाख. दोन्हीकडे राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या वर, म्हणजे घरच्या चार वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त. निवड झालेल्यांची आर्थिक गरज पूर्ण भागवू, असं दोन्ही विद्यापीठं सांगतात. फरक त्याच्या आधीच्या पायरीवर आहे.

प्रिन्स्टन २००१ पासून परदेशी मुलांसाठीही 'नीड-ब्लाइंड' आहे. मदत मागितली की नाही, हे प्रवेश ठरवताना बघत नाहीत. पुढे जी मदत मिळते ती अनुदान असते, कर्ज नव्हे. २०२५-२६ पासून १,५०,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना सगळंच मोफत आहे. आपली बहुतांश मध्यमवर्गीय घरं या मर्यादेच्या कितीतरी खाली येतात.

स्टॅनफर्डची ही मुभा अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरती. भारतातून अर्ज करणाऱ्याने मदत मागितली, तर ती गोष्ट निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. म्हणून काही पालक म्हणतात, आत्ता मागू नका, प्रवेश मिळाला की बघू. कृपा करून हे करू नका. परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं स्टॅनफर्डमध्ये ती मागता येत नाही. शिवाय व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या पैशांची सोय दाखवावीच लागते.

आणखी एक. 'गरज' किती, हे विद्यापीठ ठरवतं, आपण नाही. पगाराबरोबर ठेवी, धंदा, दुसरा फ्लॅट यांचीही चौकशी होते. कागद आधीच जमवून ठेवा आणि काही लपवू नका.

लवकरचा अर्ज, म्हणजे नियमित फेरीच्या आधी करायचा अर्ज, या दोघांपैकी एकाच ठिकाणी करता येतो. मदतीशिवाय जाणं शक्यच नसेल, तर तो प्रिन्स्टनला करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. निवड दोन्हीकडे अतिशय कठीण, शंभरात पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही. पण प्रिन्स्टनमध्ये निदान पैशांमुळे पारडं हलकं होत नाही. नियमित फेरीत स्टॅनफर्डसोबत हार्वर्ड, येल, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ हीही ठेवा. ही पाचही परदेशी मुलांसाठी नीड-ब्लाइंड आहेत.

आणि मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल, म्हणजे तिथलं नागरिक असेल, तर पुण्यात वाढलेलं असलं तरी स्टॅनफर्ड त्याच्यासाठी नीड-ब्लाइंडच आहे.