टॉपेनिशचं याकामा म्युझियम: घाईत जाऊ नका

सिएटलहून अडीच-तीन तास ड्राइव्ह करून वॉशिंग्टनमधल्या टॉपेनिशला याकामा नेशनचं, म्हणजे तिथल्या मूळ अमेरिकन लोकांचं, कल्चरल सेंटर बघून आलो, ५ पैकी ५ स्टार. उंच टोकदार छपराची इमारत लांबूनच दिसते, त्यांच्या हिवाळी घराच्या धर्तीवर बांधलीय.

सगळ्यात जास्त वेळ मी टाइम बॉलपाशी उभी होते. त्यांच्याकडे म्हणतात इतितामात. लग्न झालं की बाई तागासारख्या दोऱ्याला गाठी मारायला लागायची, दिवसांच्या गाठी, आणि मोठं काही घडलं, मूल झालं, कोणी गेलं, की मणी ओवायचा, असं आयुष्यभर, मग म्हातारपणी नजर गेली तरी बोटांनी चाचपून तिला सगळं आठवायचं. लिपी नव्हती म्हणून इतिहास नव्हता असं म्हणणाऱ्यांना हा गुंडा दाखवायला हवा.

सेलिलो धबधब्याचा देखावाही नीट बघा. हजारो वर्षं तिथे सॅमन पकडायचे, १९५७ मध्ये द डॅल्स धरणाखाली तो बुडाला. सॅमन त्यांच्यासाठी नुसतं खाणं नाही. लाँगहाउसमधल्या, म्हणजे त्यांच्या सामूहिक विधींच्या मोठ्या घरातल्या, जेवणाची सुरुवात पाण्याच्या घोटाने होते आणि शेवटही पाण्यानेच, मधे सॅमन, कंदमुळं, हकलबेरी. पाण्याला ते चूश म्हणतात. माझे आजोबा जेवणाआधी आणि नंतर आपोष्णी घ्यायचे तेच डोळ्यासमोर आलं, अंगावर काटा आला.

जायच्या आधी अमेरिकन सरकारशी झालेल्या १८५५ च्या कराराबद्दल थोडं वाचून जा. १४ टोळ्या-गट मिळून एक नेशन धरलं गेलं, आजही ट्राइबल कौन्सिलमध्ये १४ जण असतात. एक कोटी एकरांहून जास्त जमीन गेली, पण जुन्या जागांवर मासेमारीचा हक्क त्यांनी करारात लिहून घेतला. त्यांचा प्रमुख कामायाकिन हे त्यातलं मोठं नाव, त्याच वर्षी अमेरिकन सैन्याशी सुरू झालेल्या लढाईत तो पुढे होता. माउंट अ‍ॅडम्स या डोंगराला ते ‘पाहतो’ म्हणतात, त्याचा पूर्वेकडचा भाग १९७२ मध्ये परत मिळाला.

भाषेचं नाव इचिश्कीन. ती लहानपणापासून बोलणारे आता फार थोडे उरलेत. व्हर्जिनिया बीव्हर्ट यांनी तिचा शब्दकोश केला, नव्वदीतही शिकवत होत्या. घरी मुलाशी मराठी बोलताना मी हल्ली मधेच इंग्लिशवर जात नाही.

निदान तीन तास हातात ठेवा, आणि ‘पाहतो’ डोंगर बघायचा असेल तर आभाळ स्वच्छ असेल तो दिवस धरा.