एडिटिंग शिकणाऱ्यांनी दाविंची रिझॉल्व्हच घ्यावं

मी मास कम्युनिकेशनच्या मुलांना एडिटिंग शिकवते. पहिली असाइनमेंट ठरलेली: चहाच्या टपरीवर मोबाइलने शूट करायचं, पाच शॉट, एक मिनिट, संवाद नाही. ते कापायला दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरून उरते. वापराला मुदत नाही, साध्या कामाला वॉटरमार्क नाही, ४के यूएचडीपर्यंत एक्स्पोर्ट होतं.

खरी गंमत आवाजात आहे. ऑडिओ-व्हिडिओची लिंक सोडवायची आणि स्टोव्हची घरघर चित्राच्या जरा आधी ओढायची, म्हणजे जे-कट. एका मुलीने हे इतकं नेमकं केलं की टपरी पडद्यावर यायच्या आधीच अख्खा वर्ग सावरून बसला. असं काही झालं की शिकवल्याचं सार्थक वाटतं. रंगांसाठी कलर आणि आवाजासाठी फेअरलाइट अशी वेगळी पेजेसही आहेत, पण पहिल्या सत्रात तिकडे फिरकू नका.

लॅपटॉप मात्र दणकट हवा. ८ जीबी रॅम असेल तर आधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवा. मोबाइलचं फुटेज बऱ्याचदा व्हेरिएबल फ्रेम रेटचं, म्हणजे सेकंदाला बदलत्या फ्रेम्सचं असतं, त्यामुळे आवाज सरकू शकतो. ते हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट करून घ्यावं.

रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिकच्या साइटवर सरावाच्या फुटेजसकट ट्रेनिंगची पुस्तकं फुकट मिळतात. क्लासची फी भरण्याआधी ती उघडून बघाच.