वाटीचे ग्रॅम करताना: एका डिजिटल वजनकाट्याचा अनुभव

पुण्यात तुळशीबागेजवळच्या एका भांड्यांच्या दुकानातून दिवाळीच्या तोंडावर ६५० रुपयांना घेतलेला, ५ किलोपर्यंत तोलणारा आणि १ ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा गेले चार महिने आमच्या ओट्यावर आहे. केकच्या कृती कपात, सासूबाईंच्या लाडवांची मापे वाटीत आणि वाण्याकडचे जिन्नस किलोत, असा तिहेरी घोळ निस्तरण्यासाठी तो घेतला. २०११ च्या मालिकेतील ५ रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे असते; तशी पाच नाणी ठेवल्यावर काट्याने बरोबर ३० ग्रॅम दाखवले, तेव्हा त्याच्यावर विश्वास बसला.

पहिले काम केले ते वाटी तोलण्याचे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि ती पाण्याने काठोकाठ भरली, तेव्हा १६४ ग्रॅम भरले, म्हणजेच वाटी १६४ मिलीलिटरची. बाजारातला मापाचा कप बहुधा २४० मिलीलिटरचा असतो (काही संचांत २५० चा), त्यामुळे ‘एक वाटी म्हणजे एक कप’ हे माझे इतक्या वर्षांचे गृहीतक सुमारे एकतृतीयांशाने चुकीचे निघाले.

खरी गंमत कोरड्या जिनसांत आहे. चमच्याने अलगद भरून सुरीने सपाट केलेला कपभर मैदा १२० ग्रॅमच्या आसपास भरतो, तर तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला की १५० च्या घरात जातो. केक कधी हलका तर कधी दडस का होतो, याचे उत्तर मला इथे मिळाले. कपभर साखर सुमारे २०० ग्रॅम असते, पण पिठीसाखर जेमतेम १२०, म्हणून बेसनाच्या लाडवांसाठी पिठीसाखरेचे माप सांगितलेले असताना त्याच वाटीने आधी साखर मोजून मग ती दळली, तर लाडू गोडमिट्ट होतात. चकलीच्या भाजणीला मात्र काट्याची गरज नाही. तिथे तांदूळ, डाळी यांचे प्रमाण महत्त्वाचे, आणि सर्व जिनसांना एकच वाटी वापरली की ती लहान असो वा मोठी, बिघडत नाही.

या काट्यातील सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ‘मिली’चे बटण. त्याने कोणताही द्रवपदार्थ मोजता येतो, असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते आणि सोबतच्या पत्रकातही तसेच छापले आहे. प्रत्यक्षात काटा फक्त वजन जाणतो आणि १ ग्रॅम म्हणजे १ मिलीलिटर धरून तोच आकडा दाखवतो, जे पाण्याला लागू पडते. २४० मिलीलिटर तेल सुमारे २२० ग्रॅम भरते, तेवढाच मध ३४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हे बटण दाबून मध ओतणाऱ्याच्या भांड्यात कपाच्या जागी पाऊण कपाहून कमी मध पडेल. मी ते बटण वापरणे सोडून दिले आहे.

दुसरी उणीव बारीक मापांची. खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकत गेल्यास काटा हलतच नाही, म्हणून एक चमचा, म्हणजे ५ मिलीलिटरपर्यंतच्या जिनसांसाठी मी मापाचे चमचेच वापरते. शिवाय दोन मिनिटे हात लावला नाही की तो आपोआप बंद पडतो आणि भांड्याचे वजन वजा केलेले असेल, तर तो हिशेब पुसला जातो. पिठात तूप चोळताना हे दोनदा घडल्यावर मी रिकाम्या परातीचे वजन तिच्या बुडावरच लिहून ठेवले. वर्षातून चारदा केक करणाऱ्यांना एवढा काटा पुरेसा आहे, पण घरी यीस्ट घालून पाव करणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे मोजून ०.१ ग्रॅमपर्यंत तोलणारा काटा घ्यावा.