ओंकारासाठी आधाराचा सूर: लाकडी तानपुरा, इलेक्ट्रॉनिक तानपुरा की ॲप?

ध्यानाला बसण्याआधी ओंकार करायचा आणि त्याला आधाराला तानपुरा हवा, इथवर ठरलं असेल तर आधी पट्टी, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा ते, ठरवा. गाण्याचा सा इथे उपयोगाचा नाही. त्याहून दोन-तीन पट्ट्या खाली, बोलण्याच्या आवाजाजवळचा सा घ्या. काळी एकला गाणाऱ्याने पांढरी सात धरून पाहावी (ही हार्मोनियमच्या पट्ट्यांची नावं). पट्टी चढी राहिली तर पाच-सहा ओंकारांनंतर गळा आवळतो, सूर उतरायला लागतो आणि सगळं लक्ष त्याला सावरण्यात जातं.

ॲप सुरुवातीला पुरेसं आहे. पट्टी क्षणात बदलते, त्यामुळे आपली पट्टी शोधण्यासाठी याहून सोपं काही नाही. मात्र ते फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. पांढरी एकच्या खर्जाचा, म्हणजे सगळ्यात जाड तारेवरच्या खालच्या सा चा, मूळ कंप ६५ हर्ट्झच्या आसपास असतो. तो त्या इवल्याशा स्पीकरमधून निघतच नाही, वरचे स्वर तेवढे किणकिणतात. हेडफोनने खर्ज मिळतो, पण कान बंद झाल्याने स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सुरात मिसळला की नाही ते कळत नाही. वायर जोडून बऱ्यापैकी मोठा स्पीकर लावा आणि फोन विमान मोडवर टाका.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा जास्त विश्वासाचा. हात मोकळे, पाठ ताठ, सूर जागचा हलत नाही. त्याची एक खोड माहीत असावी. ॲडाप्टर साधा असेल तर विजेची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर आत शिरते. सा पांढरी एक असेल तर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ९८ हर्ट्झवर येतो. १०० ची गुणगुण त्याला खेटते आणि सेकंदाला दोन लाटा ऐकू येऊ लागतात. शांत खोलीत एकदा कानाला लागल्या की त्या सुटत नाहीत. सेलवर चालवला की प्रश्न मिटतो.

लाकडी तानपुऱ्याचे त्रास सर्वांना ठाऊक आहेत. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात घसरतात (खडूची पूड लावली की धरतात). जुळवायला पाच-दहा मिनिटं जातात. तारा ठरावीक पट्टीसाठीच चढवलेल्या असतात. फार खाली उतरवल्या की ढिल्या पडून जवारी (तारेचा झंकार) जाते, म्हणून घेतानाच ओंकाराची पट्टी सांगावी. शिवाय एक हात छेडण्यात गुंततो. हिशेब इथेच थांबवला तर इलेक्ट्रॉनिक तानपुराच घ्यावा.

पण ओंकार संपतो तेव्हा काय होतं, ते पाहा. यंत्र आपणहून थांबत नाही. डोळे उघडा, हात लांब करा, बटण दाबा: टक्, आणि भरलेली खोली एकदम रिकामी. दहा मिनिटांत जे जुळून आलेलं असतं ते त्या एका टक्‌ने विसकटतं. आवाजाचं बटण हळूहळू फिरवता येतं, पण मग लक्ष बोटात जातं. काही ॲपमध्ये टायमर असतो आणि तो आवाज हळूहळू उतरवतो. ज्यांना तेवढं पुरतं त्यांनी पुढे खर्च करू नये. मला ते उतरणं सपाट वाटतं, कारण सगळे स्वर एकाच मापाने बारीक होत जातात.

तारेचं तसं नसतं. शेवटच्या ओंकारात म लांबवा, ओठ मिटलेले, दात किंचित सुटे. आवाज थांबल्यावर आणखी दोन-तीन आवर्तनं नुसती छेडा: मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने दोन्ही जोड (मधल्या सा च्या तारा) आणि खर्ज. मग खर्जावर हात उचला आणि पुन्हा तारेला लावू नका. आधी वरची चमक जाते, मग पंचमाचा भास, शेवटी नुसता खर्ज उरतो. तो कधी संपला ते नेमकं सांगता येत नाही आणि कान मात्र तिथेच लागलेला राहतो. विज्ञानभैरव तंत्र या काश्मीर शैव परंपरेतल्या ग्रंथात तंतुवाद्याच्या लांबत जाणाऱ्या नादामागे शेवटपर्यंत जाण्याची धारणा सांगितली आहे, ती हीच. मौन ध्यानाला वेगळी सुरुवात मग करावी लागत नाही. एवढ्यासाठी मी जुळवणीची कटकट आनंदाने सोसतो.

सूर लावता येत नसेल किंवा मांडीवर वाद्य घेऊन बसवत नसेल तर अर्थात इलेक्ट्रॉनिकच बरा.

लाकडी घ्यायचाच तर लहान आकाराची तंबोरीही चालते, खर्ज थोडा कमी भरेल इतकंच. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. शक्य असेल तर तिथे कारागिराकडे बसूनच निवडा. चार तारा एकदम छेडून भुलू नका. फक्त खर्ज एकदा छेडा आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबा. मध्येच बद्द झाला तर घोडीवरचा जवारीचा दोरा केसभर पुढेमागे सरकवायला सांगा. तरीही नाद तुटत असेल तर दुसरा पाहा.